शेडमधून आलेलं उत्तर

१

आमच्या घरी गाडीची बॅटरी चार्ज करायची म्हणजे एक कवायतच असायची. रविवारी सकाळी आधी बुद्धवंदना. मग मेणबत्ती विझवायची, अगरबत्ती पाण्यात बुडवायची, गॅस सिलिंडरपासून बंद करायचा. त्यानंतर हे मागच्या वऱ्हांड्याच्या दोन्ही खिडक्या सताड उघडत आणि लाकडी पाटावर बॅटरी आणून ठेवत. चार्ज होताना बॅटरीतून गॅस निघतो, तो दिसत नाही, त्याला वास नाही, पण एक ठिणगी पुरते, हे मला पोळ्या लाटण्यासारखं पाठ झालं होतं.

हे म्हणजे माझे मिस्टर, दिवाकर. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला. आमचं क्वार्टरही तिथलंच, दोन खोल्या, पुढं अंगण, मागं वऱ्हांडा. वऱ्हांड्याला लागून टिनाचं शेड आणि त्यात आमची जुनी मारुती. मधे फक्त एक जाळीची खिडकी.

यांच्या सेक्शनमध्ये कोणी मुकाट्यानं बटन दाबत नाही. दाबणारा हाक देतो. दुसऱ्या टोकाचा माणूस हात मोकळे करून, बाजूला होऊन उत्तर देतो. उत्तर आल्यावरच बटन. ती सवय यांनी घरी आणली होती. चिमटे लावून झाले की वऱ्हांड्यातून ओरडत, "लाइन चालू करून राहिलो!" आणि मी स्वयंपाकघरातून, आमच्या लेकीला, विनूला, कडेवर घेऊन ओरडायची, "हो, चालू!" मग खट्‌कन बटन.

शेजारच्या कलावती काकू भिंतीपलीकडून म्हणायच्या, "वाजला बाई यांचा भोंगा! घर आहे का फॅक्टरी?"

आम्ही हसायचो. एकच गोष्ट हसण्यासारखी नव्हती. दर रविवारी चार्ज केलेली बॅटरी बुधवार-गुरुवारपर्यंत उतरायची. बॅटरी नवी होती. रांझीच्या मिस्त्रीनं सगळ्या तारा तपासल्या आणि म्हणाला, "भैया, गाडी में कुछ नहीं है। अंदर की बत्ती जलती छोड़ देते होगे।"

आम्ही सोडत नव्हतो. आठवडाभर ती गाडी झाकलेलीच असायची.

२

गाडी घेतली ती विनूसाठी, कोणाची तरी वापरलेली. आदल्या जानेवारीत ती तीन महिन्यांची होती आणि तिची पसली चालायला लागली. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायचा. पहाटे धुक्यात स्कूटरवर तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. शालीत गुंडाळलेली पोर, वरून वारा. ती जिवंत आहे का नाही ते पाहायला मी शालीत बोट घालून तिच्या नाकाशी धरून बसले होते. रस्त्याच्या मधल्या एका तुकड्यात बोटाला काही लागलं नाही. कितीक वेळ, ते मला सांगता येत नाही. मग लागलं. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं आधी आणायला पाहिजे होतं.

त्या दिवसापासून घरात एक गोष्ट ठरली. गाडी तयार पाहिजे. हे ड्यूटीवर असले तर कलावती काकूंचे मिस्टर, भाऊराव काका, गाडी चालवतील. ते त्याच फॅक्टरीतून रिटायर झालेले.

मी सांगते ते त्याच्या पुढच्या जानेवारीचं. छत्तीसगड वेगळं झालं, त्याला एक वर्ष उलटून गेलं होतं. विनू पंधरा महिन्यांची. आदल्या रात्रीपासून तिच्या छातीत घरघर होती. डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि म्हणाल्या, "पसली चलने लगे तो यहाँ मत आना। सीधे शहर।"

घरी येऊन यांनी गाडीला चावी लावली. कुर्रर्र पण नाही. नुसतं टिक.

"उतरली," हे म्हणाले.

"मग?"

"मग काय? मी बॅटरी काढून देतो. चार्जिंगला तू लाव. संध्याकाळपर्यंत गाडी चालू होते."

"मी? एकटीनं?"

"काहून भेतं? प्लसवर तुझ्याच नेलपॉलिशची खूण केली आहे न. लाल चिमटा लालवर, काळा दुसऱ्यावर, बटन सगळ्यात शेवटी. काढताना बटन सगळ्यात आधी. अन्‌ चार्जिंग चालू असताना घर सोडून जायचं नाही."

"अन्‌ हाक? मी हाक दिली तर उत्तर कोण देईन?"

ते हसले. "एकटीले हाक कायले पाहिजे? बटन दाब अन्‌ बाजूला हो."

त्यांनी बॅटरी काढली, पाटावर ठेवली, गाडीवर ताडपत्री ओढली आणि बससाठी पळाले. सुटी मिळत नव्हती, ओव्हरटाइम लागला होता, सातच्या आधी येणं नव्हतं. आत सेक्शनमध्ये निरोपही जात नाही. भाऊराव काका पेन्शनच्या कामानं शहरात सदरला गेले होते, चारपर्यंत येणार होते.

म्हणजे चारपर्यंत मी, विनू आणि ती बॅटरी.

३

विनूला औषधानं झोप लागली. मी खिडक्या उघडल्या. गॅस बंद केला. समोरच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीपुढं सकाळची मेणबत्ती जळत होती, ती फुंकली. बॅटरीची सहा झाकणं ढिली केली. पाणी खुणेपर्यंत होतं. लाल चिमटा लालवर. काळा दुसऱ्यावर. प्लग खोचला. बोट बटनावर ठेवलं.

आणि तोंडातून निघून गेलं. सवयच तशी. "लाइन चालू करून राहिली!"

"हो, चालू!"

खट्‌.

बटन दाबलं गेलं तेव्हा माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. उत्तर आलं की बोट दाबतं, एवढंच. चार्जर गुणगुणायला लागला, सुई सरकून पाचवर गेली. मग मला समजलं की उत्तर आलं होतं.

आवाज बाईचा होता. स्वयंपाकघरातून नव्हता आला. जाळीच्या खिडकीतून आला होता, शेडमधून.

मी स्वतःला म्हटलं, कलावती काकू. दुसरं कोण? दर रविवारी ऐकून त्यांना पाठ झालं असेल. मी भिंतीजवळ जाऊन हाक मारली, "काकू, तुम्ही उत्तर दिलं का आता?"

काकू पलीकडे खाटेवर वड्या टाकून राहिल्या होत्या. भिंतीवरून डोकं काढून म्हणाल्या, "कशाचं उत्तर?"

"मी चालू म्हटलं, तर कोणी तरी हो म्हटलं."

"मी कायले ओरडू? कवळी अजून वाटीत आहे माझी. ओरडली असती तर वड्याच उडाल्या असत्या." मग माझं तोंड पाहून त्यांचा आवाज बदलला. "पोरगी कशी आहे?"

"झोपली आहे."

"मग तू पण टेक जरा. रात्रभर जागली असशील. जागरणानं कानात आवाज येतात. मले तर बंडूच्या वेळी भांडे बोलताना ऐकू यायचे."

हे पटण्यासारखं होतं. माझ्या बापानं आम्हाला लहानपणीच सांगितलं होतं, आपल्या घरी भूतबित नसतं, आपल्या घरी डोकं असतं. मी डोकं वापरलं. जागरण झालं आहे. कानात रविवारचा आवाज राहिला आहे.

पण कानात राहिलेला आवाज यांचा असायला पाहिजे होता. मी यांची हाक ऐकते. स्वतःचं उत्तर कोण ऐकतं?

४

एक वाजता विनूला वरणाचं पाणी पाजलं. घरघर होती, पण पसली शांत होती. मी तिला वऱ्हांड्याच्या दारालगतच्या खोलीत, माझ्या नजरेसमोर झोपवलं. बॅटरीतून बारीक बुडबुड सुरू झाली होती. ती नेहमीची. मी तिथंच भिंतीला टेकून बसले.

बसल्या जागेवरून जाळीतून शेड दिसतं. ट्रकच्या ताडपत्रीची आम्ही गाडीला खोळ शिवली होती, काळपट हिरवी. मागच्या दाराच्या काचेच्या जागी तिला पैशाएवढं भोक पडलेलं.

त्या भोकातून पिवळा उजेड येत होता.

मी पाहत राहिले. ऊन असेल. पण शेडमध्ये दुपारी ऊन येत नाही. मग कशावरून तरी उलटून पडलं असेल. वऱ्हांड्यात स्टीलची बादली होती, ती मी उचलून आत ठेवली. उजेड तिथंच. भांडी सरकवली. आरसा उलटा केला. उजेड तिथंच. मंद होता, बॅटरी उतरत आली की गाडीतली वरची बत्ती जशी जळते तसा.

मी शेडमध्ये गेले. माझा मलाच राग येत होता. पुढून ताडपत्री वर केली आणि बोनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी होती. तारांची दोन टोकं यांनी कापडात गुंडाळून बाजूला वळवली होती. मी हात लावून पाहिला. थंड लोखंड.

गाडीची बॅटरी माझ्या वऱ्हांड्यात होती. आणि गाडीत बत्ती जळत होती.

मी बोनेट लावलं, ताडपत्री ओढली आणि परत आले. मागच्या बाजूला गेले नाही. पोर एकटी आहे म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

५

दोन वाजले. अडीच. चार्जरची सुई सुरुवातीला वर असते, बॅटरी भरत गेली की हळूहळू खाली येते. दर रविवारी मी ते पाहिलेलं होतं, दोन तासांत ती तीनवर येते. आज पाचवर उभी होती. जणू आपण घागर भरत आहोत आणि खालून कोणी पिऊन राहिलं आहे.

भोकातला उजेड मात्र वाढला होता. आता तो पिवळा नव्हता, पांढरा होत चालला होता.

बंद करावं का? बटनाकडे हात गेलाही. पण बंद केलं तर गाडी नाही. गाडी नाही तर चारनंतर काका येऊन काय करतील? गेटपर्यंत दहा मिनिटं चालायचं, तिथं टेम्पो मिळेल तेव्हा, मग अख्खं शहर ओलांडायचं. मला बोटाला न लागलेला तो श्वास आठवला. मी हात मागं घेतला. आणि चालू ठेवलं तर? जे काही तिथं बसलं आहे, ते भरत चाललं होतं. त्याच गाडीत मला पोरीला घेऊन बसायचं होतं.

विनू चुळबुळली. मी तिच्याजवळ जाऊन थोपटायला लागले. थप. थप. थप. ती निवली. मी हात थांबवला.

थप. थप. थप.

शेडमधून. त्याच चालीनं.

मी कसं उठले ते माहीत नाही. पायात चप्पल नव्हती. शेडच्या मागच्या बाजूनं गेले आणि त्या भोकाला डोळा लावला. डोकं म्हणत होतं, टिन वाजतं आहे. उंदीर असेल. पाहून घे म्हणजे संपलं.

मागची सीट दिसली. सीटवर अर्धी बाई. तोंड दिसत नव्हतं, भोक तेवढं नव्हतं. मांडीवर एक शालीचं गाठोडं आणि त्याच्यावर थोपटणारा हात. साधा हात. कामाचा, नखांत पीठ वाळलेलं.

हात थांबला. मग त्याचं एक बोट शालीच्या आत शिरलं, वरच्या बाजूला, आणि तिथंच राहिलं. हललं नाही. ती वाट पाहत होती.

मी श्वास धरून उभी होते. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. बोट बाहेर आलं नाही.

६

परत आले तर विनू जागी होती. रडत नव्हती. रडायला तिच्याजवळ हवा नव्हती. फ्रॉक वर केला. बरगड्यांखाली खड्डा. भरला. खड्डा. भरला.

साडेतीन झाले होते. सुई पाचवर.

मी पोरीला उचललं आणि जाळीजवळ गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. असल्या वेळी माणूस कोणाशीही बोलतं.

"बाई," मी म्हटलं. "मले गाडी पाहिजे. पोरीले न्यायचं आहे. मी तुम्हाले काही म्हणत नाही. थोडं राहू द्या. चालू होण्यापुरतं राहू द्या."

शेडमधून थप. थप. थप.

"तुम्ही पण चला," मी म्हटलं.

हे का म्हटलं, ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही.

थोपटणं थांबलं. माझ्या पाठीमागं चार्जरचा सूर बदलला. वळून पाहिलं. सुई खाली येत होती. चार. साडेतीन. तीन. भोकातला उजेड पिवळा झाला, मग तांबूस, मग नुसतं भोक राहिलं.

चारला दहा कमी असताना भाऊराव काकांची सायकल वाजली. मी ओरडले. ते पिशवी तशीच टाकून आले, विनूचं पोट पाहिलं आणि म्हणाले, "बॅटरी झाली का?"

"माहीत नाही."

"चलो, पाहू."

बटन मी बंद केलं. हाक दिली नाही. चिमटे काढले, झाकणं लावली, काकांनी बॅटरी उचलून नेली आणि एका झटक्यात ताडपत्री ओढून काढली. मी डोळे मिटले.

"काय झालं? ये न."

गाडीत कोणी नव्हतं. मागची सीट रिकामी. काकांनी पाना फिरवून तारा कसल्या, चावी लावली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"बस मागं. पोरीले आडवी घे."

"मी पुढं बसते."

"पुढं? अगं, मागं मोकळं आहे."

"पुढंच बसते, काका."

ते काही तरी पुटपुटले, पण वाद घालायला वेळ नव्हता. काकू भिंतीवरून हात जोडून उभ्या होत्या. गाडी लेनच्या बाहेर निघाली तसे काका म्हणाले, "टायरमध्ये हवा कमी आहे का? मागून दबली दिसते."



७

रस्ता मला आठवत नाही. रांझीचा बाजार, सायकली, फॅक्टरीच्या बसगाड्या, काकांचा हॉर्न. मी विनूच्या पोटाकडे पाहत होते. खड्डा. भरला. ती माझ्या खांद्यावरून मागं पाहत होती. डोळे उघडे, एकटक. मधेच तिनं हात पुढं केला, कोणी हात दिल्यावर लेकरं करतात तसा. मी तो धरून आपल्या छातीशी दाबला. आरशात पाहिलं नाही. मी एकदाही आरशात पाहिलं नाही.

थोपटण्याचा आवाज आला असेल. इंजिनचा असेल. मी तपासलं नाही.

दवाखान्याच्या पोर्चमध्ये काकांनी ब्रेक मारला. "तू पळ. मी गाडी लावून येतो."

मी उतरले. चार पावलं गेले. आणि परत फिरले. माझी पोर माझ्या छातीवर फडफडत होती, एक-एक क्षण महागाचा होता, तरी मी परत फिरले, कारण मी चला म्हटलं होतं. मागचं दार मी एका हातानं उघडलं आणि धरून उभी राहिले.

"काय राहिलं?" काका ओरडले.

गाडी हलली. दबलेली मागची बाजू हळूच वर आली.

मी दार लावलं आणि पळाले. लांब वऱ्हांडा होता, फरशी नुकतीच पुसलेली. माझी ओली पावलं चट चट वाजत होती. मागं आणखी एक जोडी वाजत होती. मी जोरात पळाले, तशी तीही.

लेकरांच्या खोलीत एक टेबल होतं, एक सिलिंडर, आणि एक केरळी सिस्टर. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यामागं पाहिलं. तिच्या तोंडावर काहीच फरक पडला नाही. दिवसभर ती हेच पाहत असेल.

"एक-एक करके," ती म्हणाली. "पहले कौन सा बच्चा?"

माझ्या मानेवर कोणाचा तरी श्वास लागत होता, धावत आलेल्या बाईचा. शाल माझ्या कोपराला घासली. ती पुढं झाली नाही. ती आपलं गाठोडं धरून थांबली, न शिकलेली बाई साहेबाच्या टेबलापुढं थांबते तशी, कोणी तरी तिला आधी घे म्हणेल म्हणून.

ती माझ्या आधीपासून वाट पाहत होती, आमची बॅटरी उतरवत. महिनोन्‌महिने. आणि मला गाडी मिळाली होती ती तिनं दिली म्हणून.

"बोलो जल्दी," सिस्टर म्हणाली.

"मेरी," मी म्हटलं, आणि विनूला टेबलावर ठेवलं.

सिस्टरनं तिच्या तोंडावर मास्क धरला. नळी फुसफुसली. खड्डा. भरला. खड्डा पडायचा थांबेपर्यंत मी मोजत राहिले. विनूचे ओठ गुलाबी व्हायला लागले. तिनं माझा पदर मुठीत धरला.

माझ्या मागं कोणी रडलं नाही. फक्त माझ्या पाठीशी एक हात आपल्या गाठोड्यावर थोपटत राहिला, हळूहळू, टेबल मोकळं व्हायची वाट पाहत.

मी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ठेवली. सिस्टर सरकायला सांगत होती, तरी मी सरकले नाही.